वाडी तिची, सातबारा कोणाचा?

१७ मे २०२१ चा दिवस वसईचे बागायतदार विसरलेले नाहीत. तौक्ते वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकले आणि जाता जाता आपल्या किनारपट्टीला झोडपून गेले. केळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली, पानवेलींचे मांडव बसले. पंचनाम्याच्या कामात मी चार-पाच दिवस वाड्यांतून फिरत होतो. पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) पन्नाशीच्या एक बाई पडलेल्या केळींमध्ये उभ्या होत्या. कोणते झाड किती महिन्यांचे, कोणते घड चार दिवसांत उतरवायचे होते, राजेळी किती, सगळे तोंडपाठ सांगत होत्या. मी लिहून घेतले आणि शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, सातबारा कोणाच्या नावावर?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांच्या. ते जाऊन सोळा वर्षं झाली, साहेब."

उतारा काढला तेव्हा त्यावर सासऱ्यांचेही नाव नव्हते. थोरल्या दिरांचे होते आणि त्यापुढे तीन अक्षरे, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दीर मुंबईला राहतात, वाडीत वर्षातून दोनदा येतात, आंब्याच्या वेळी आणि गणपतीत. मावशींचे यजमान वारले त्याला नऊ वर्षे झालेली. पण त्यांची वारस नोंद झालीच नव्हती, कारण मुळात त्यांचेच नाव कागदावर नव्हते. वाडी मावशींनी राखली, शिंपली, वादळ त्यांनी सोसले. मदतीची रक्कम मात्र खातेदाराला मिळणार किंवा त्याच्या संमतीपत्रावर मिळणार. ते संमतीपत्र आणायला त्या दोनदा लोकलने मुंबईला जाऊन आल्या. पुढे पैसे मिळाले, पण अर्धेच त्यांच्या हाती राहिले, असे त्यांनीच मला नंतर सांगितले.

स्त्री-पुरुष विषमतेवर आपल्याकडे ८ मार्चला भाषणे होतात, हळदीकुंकू होते, फोटो निघतात. मला त्यावर बोलायचे नाही. मी शेतीखात्याचा माणूस. मला फक्त एका कागदाबद्दल बोलायचे आहे. तो म्हणजे गाव नमुना सात-बारा.

वसईच्या वाडीत कोण राबते हे मी सांगायला नको. आपल्याकडची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरातला पुरुष मुंबईला नोकरीला, रेल्वेत, बँकेत, कंपनीत. पहाटेची गाडी पकडायची आणि रात्री परत. वाडी सांभाळते ती घरची बाई. विहिरीवरचे रहाट गेले, पंप आले, तरी पाणी कोणत्या पाटाला केव्हा सोडायचे हे तिलाच ठाऊक. मोगऱ्याची, जुईची कळी उजाडण्याआधी खुडायची, टोपली भरून दादरच्या फुलबाजाराकडे रवाना करायची. भाजीच्या जुड्या बांधायच्या, पाने मोजून लावायची. सुकेळीचे तर सगळे कामच बायकांच्या हातचे: राजेळी सोलणे, उन्हात घालणे, दव पडायच्या आत उचलणे, गुंडाळून बांधणे.

पूर्वेला भाताणे, मेढे, पारोळ, शिरवलीकडे गेलात तर भातशेती. तिथे चिखलणीला पॉवर टिलर आला, झोडणीला मळणी यंत्र आले. आवणी मात्र अजून बाईच्या कमरेतच राहिली आहे. पुरुष करत होता ती कामे यंत्राने उचलली, बाई करत होती ती तशीच. यंत्र आणायचे की नाही हे कोण ठरवते? ज्याच्या नावावर कर्ज निघते तो.

अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळणींकडे पाहून कोणी म्हणेल, त्या तर बाजारात राज्य करतात. खरे आहे, पैसा त्यांच्या कनवटीला असतो. पण होडीचा परवाना कोणाच्या नावे आहे ते विचारून पाहा.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहितीदारांमागे स्त्रिया चौदाच्या आसपास आढळल्या, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र त्याहून कमी, बारा टक्क्यांच्याही आत. उरलेल्या छ्याऐंशी वाड्या-शेतांत काय पुरुषच निंदणी करतात?

"घरातलाच माणूस आहे, नाव कोणाचेही असले तर काय बिघडले?" हा प्रश्न मला दर गावात विचारला जातो. बिघडते ते असे.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ती सोसायटीची सभासद होत नाही. सभासद नाही म्हणून तिला पीककर्ज नाही आणि मतही नाही. तिच्याच वाडीच्या कर्जाचा निर्णय ज्या पंचमंडळात होतो, तिथे ती चहा द्यायलाही जात नाही. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के अनुदान आहे, इतरांना ४० टक्के. म्हणजे सरकारने बाईला झुकते माप दिले. पण अर्जासोबत सातबारा जोडायचा आहे! १५ एप्रिल २०२५ पासून तर राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला. आधी निदान तोंडओळखीवर आम्ही "ही बाई शेती करते" असे म्हणू शकत होतो. आता संगणकाला तोंडओळख नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दाची व्याख्या रुंद केली होती. त्यात जमीन नावावर नसलेले कसणारे आणि मजूरही धरले होते. ती व्याख्या पुस्तकात राहिली.

एक गोष्ट चांगली झाली तीही सांगितली पाहिजे. शेतकरी अपघाताची जी २ लाखांची मदत आहे, त्यात खातेदाराखेरीज कुटुंबातला आणखी एक सदस्य धरला जातो. पहाटे अंधारात कळ्या खुडताना पायाखाली काय येईल सांगता येत नाही, आणि सर्पदंश त्यात बसतो. पण "आणखी एक" म्हणजे एकच. सासू आणि सून दोघी वाडीत असतील तर?

आणि एक सावधगिरी. पती-पत्नी दोघांची नावे लागली म्हणून पीएम-किसानचे पैसे दुप्पट येत नाहीत, तो लाभ कुटुंबाला एकच आहे. त्या आशेने कोणी नाव लावत असेल तर निराशा होईल.

आता थोडे आमच्या खात्याकडे वळतो, कारण दोष नुसता घरांचा नाही. आम्ही कार्यशाळा घेतो, पत्रिकेवर "शेतकरी बांधवांसाठी" छापतो, वेळ सकाळी अकराची ठेवतो. त्या वेळी बाई वाडीत किंवा चुलीपाशी. समोर बसतात रजा टाकून आलेले पुरुष. मी स्वतः एकदा मोगऱ्यावरच्या कळी पोखरणाऱ्या अळीवर तासभर बोललो. औषध, प्रमाण, फवारणीची वेळ, सगळे सांगितले. समोरच्यांनी वहीत उतरवले. पंधरा दिवसांनी त्याच गावात एका वाडीत गेलो तर कळ्या जांभळट पडून जाळीत अडकलेल्या. घरच्या वहिनी म्हणाल्या, "हे तर महिनाभर बघतेय मी. तुम्ही औषध सांगितलंत होय? आमच्याकडे कोणी बोललं नाही." यजमान सभेला आले होते. वही खिशातच राहिली होती. ज्या हाताला रोज ती कळी लागते त्या हातापर्यंत माझा सल्ला पोहोचलाच नाही. दोन तोड्यांचा मोगरा गेला. ते नुकसान तिचे एकटीचे नव्हते, पूर्ण घराचे होते. बाईला बाजूला ठेवल्याने घर असे तोट्यात जाते. आता मी निदान दुपारी तीनची वेळ ठेवतो आणि शक्यतो कोणाच्या तरी ओट्यावर बसतो. बायका येतात, आणि पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न विचारतात, हेही नमूद करतो.

पण वसईचा खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो इतर तालुक्यांना इतक्या तीव्रतेने जाणवत नाही. आपल्याकडे जमीन पिकते त्यापेक्षा विकली जास्त जाते. १९९० नंतर नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर कशी वाढली ते सर्वांनी पाहिले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये जिल्हा झाला. आता बुलेट ट्रेन आहे, विरार-अलिबाग मार्गिका आहे. भूसंपादनाची नोटीस कोणाला येते? सातबाऱ्यावरच्या नावाला. मोबदल्याचा पैसा कोणाच्या खात्यात पडतो? त्याच नावाच्या. चाळीस वर्षे त्या जमिनीत राबलेल्या बाईला बातमी कळते ती बहुधा मोजणीवाले दारात आल्यावर.

आणि नोटीस येण्याच्या किंवा बिल्डर येण्याच्या आधी, गावोगाव एक दस्त घाईघाईने होतो. हक्कसोड पत्र. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना निरोप जातो, "एक सही करायची आहे, येऊन जा." गाडी पाठवतात, निबंधक कार्यालयात नेतात, अंगठा-फोटो होतो, नंतर जेवण आणि साडी. बहुतेक वेळा किती गुंठे, काय भाव, कशावर सही केली, हे त्या विचारत नाहीत. विचारले तर माहेर तुटेल ही भीती. ही भीती खोटी नाही. हिस्सा मागितलेल्या बहिणीला राखीला दार बंद झाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. पण ज्या प्रेमाची किंमत जमिनीच्या गुंठ्यात मोजून घ्यावी लागते, त्याला भाऊ-बहिणीचे प्रेम म्हणावे का, एवढे तरी भावांनी स्वतःला विचारावे.

"लग्नात दिलं की तिला," असे म्हणतात. लग्नात काय दिले, आणि आज विरारच्या जवळची जमीन काय भावाने जाते, याचा हिशोब एकदा कागदावर मांडा. "जमिनीचे तुकडे होतात," असेही म्हणतात. तुकडे भाऊ करतात तेव्हा ते वाटणी असते, बहीण मागते तेव्हाच ते तुकडे होतात काय? "जावई येऊन बसेल" या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. जावई चांगला पाहून द्यावा, एवढेच.

कायद्याचे म्हणाल तर तो केव्हाच पुढे गेला आहे. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा, हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला मुलासारखी जन्मजात भागीदार केले, फक्त त्या वर्षाच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या मोडता येत नाहीत.

आपल्या तालुक्यात ख्रिस्ती समाज मोठा आहे. त्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि बाकीचे मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांत सारखे. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे! तरी गिरीज-निर्मळच्या पट्ट्यात वाडी मुलग्यांकडे आणि मुलीला दागिने, हीच रीत हिंदू शेजाऱ्यांसारखी चाललेली मी पाहतो. धर्म वेगळे, चाल एक.

पूर्व पट्ट्यातल्या आदिवासी घरांचे वेगळे. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही, म्हणून रूढीच्या नावाखाली मुलीला बाजूला ठेवले जाते. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर नुसते ती बाई आहे म्हणून वाटा नाकारता येत नाही. आणि वनहक्काचा २००६ चा कायदा तर स्पष्टच आहे. दावा विवाहित माणसाचा असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. सकवार-भाताणेकडच्या ज्या घरांत वनपट्टे आहेत, त्यांनी पेटीतून तो कागद काढून दोन नावे आहेत का ते आजच पाहावे.

कायदा आहे तर अडते कुठे? अडते तलाठी सजात आणि आपल्या घरात. वारस नोंदीच्या अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र जाते. त्यात मुलींची नावे गाळली तर पुढचा सगळा फेरफार खोटा उभा राहतो. जुन्या उताऱ्यांत दुसरी एक गंमत सापडते. बहिणींची आणि विधवांची नावे कब्जेदार सदरी न घेता "इतर हक्क" या रकान्यात टाकलेली असतात, तिथेच सोसायटीचा बोजाही असतो. म्हणजे घरची लेक कर्जाच्या शेजारी! ही नावे कब्जेदार सदरी आणण्यासाठी अर्ज करता येतो, ए.कु.मॅ. काढून सर्व सहहिस्सेदारांची नावे लावण्यासाठीही करता येतो. तलाठी आणि मंडळ अधिकारी मित्रांना विनंती अशी की फेरफार प्रमाणित करण्यापूर्वी "मुली किती?" हा एक प्रश्न तोंडी विचारा. ग्रामपंचायत असेल तिथे ग्रामसभेआधीच्या महिला सभेत गावच्या प्रलंबित वारस नोंदी वाचून दाखवा. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसत असतील, तर ही वाचनाची जबाबदारी ग्रामसेवकाने घ्यावी.

आणि जे पुरुष हयात आहेत, त्यांच्यासाठी सर्वांत सोपी वाट तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीची आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभराहून अधिक बायकांच्या नावे अशी जमीन झाली. मोर्चा नाही, कोर्ट नाही, नवऱ्यांनी आपणहून केले. सप्टेंबर १९९२ मध्ये राज्य सरकारने लक्ष्मी मुक्ती योजनेचा निर्णय काढला. त्याप्रमाणे पतीने आपणहून अर्ज दिला की त्याच्या हिश्श्याच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते, त्यासाठी दस्त नोंदवावा लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांआधी आईचे नाव लागते, त्याचे आपण कौतुक केले. जमिनीच्या कागदावर आई यायला कोणाची हरकत आहे?

वसईत मी ही योजना सांगतो तेव्हा लोक ऐकून घेतात, हसतात आणि विषय बदलतात. गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीच्या तिघांनी अर्ज केले. त्यातला एक सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाला, "चाळीस वर्षं मी फक्त रविवारी वाडी बघितली. बाकीचे सहा दिवस कोणी बघितली ते मला माहीत आहे." मला तिथे काही सांगायची गरजच पडली नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्यासाठी फलक लागतील, आमच्याच खात्याकडून लागतील. एखाद्या गावाने त्या निमित्ताने दहा अर्ज तलाठ्याकडे दिले तर मी फलकाशिवाय त्या गावात येईन.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. २०१९ मध्ये आमचे वडील गेले. वारस नोंद नीट झाली, आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण, चारही नावे लागली. मग नातेवाईक म्हणाले, आता ताईचे हक्कसोड करून टाका, पुढे कटकट नको. मी कृषी पदविका घेतलेला, कायदा थोडाफार वाचलेला, तरी मी काही बोललो नाही. ताई सकाळच्या एसटीने आली, अर्ध्या तासात सही झाली, दुपारी जेवून परत गेली. जाताना तिने परसातली अळूची दोन रोपे मागून नेली. आता ते परत फिरवायचे तर आम्हा भावांना तिच्या नावे बक्षीसपत्र करून द्यावे लागेल, मुद्रांक भरावा लागेल. गेल्या दिवाळीत मी भावाजवळ विषय काढला. तो म्हणाला, "बघू." मी ताईला अजून काही सांगितलेले नाही, आधी भावाला पुन्हा विचारायचे आहे.